मार्लीनबाईंच्या बंदुकीचा दस्ता

गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये नवी ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला, "काका, तुम्ही कशात आहात?" इथं कॅनडात, सरेमध्ये आपली बरीचशी मंडळी आयटीत, त्यामुळे त्यांची उत्तरंही ठरलेली. मी मात्र मोदकाची प्लेट खाली ठेवून सांगायचो, "मेकॅनिकल लाइन. प्रिसिजन फिटिंग." एवढ्यावर माणूस सहसा गप्प बसतो. पुढं खोदून विचारलंच, तर माझी बायको सुनंदा लांबूनच डोळे वटारायची. कारण खरं उत्तर असं होतं की मी शिकारीच्या बंदुका दुरुस्त करतो, आणि आरतीच्या आधी हे सांगायला बरं दिसत नाही.

आता रिटायर झालोय. दिवाळी अंकाच्या संपादिका म्हणाल्या, "काका, तुमच्या कामाबद्दल लिहा," म्हणून एकदाचं सांगून टाकतो. बरीच वर्षं मी हे काम केलं आणि मन लावून केलं. आणि ज्या हातांनी केलं त्या हातांनी जन्मात अंडंसुद्धा फोडलेलं नाही. माझी मुलगी रेवा शाळेत असताना मैत्रिणींना सांगायची, "माय डॅड इज अ व्हेजिटेरियन गनस्मिथ," आणि त्या पोरी फोटो काढायला घरी यायच्या.

मी मूळचा नाशिकचा. सातपूरला प्लास्टिकच्या साच्यांवर काम करण्यात उमेदीची वर्षं गेली. चव्वेचाळिसाव्या वर्षी पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना घेऊन इथं आलो, तेव्हा माझा अनुभव कुणालाच नको होता. सहा महिने ग्रोसरीच्या गोदामात खोकी उचलली. मग एक जाहिरात दिसली. बंदुकांच्या दुकानाला प्लास्टिक समजणारा माणूस हवा होता. मालक ग्लेन, साठीचा, मिशाळ माणूस. म्हणाला, "लाकडाचे कारागीर मला दहा मिळतात. प्लास्टिकला हात लावायला एक तयार नाही. त्यांना वाटतं, त्यानं त्यांची जात बाटते." मी म्हटलं, माझी बाटत नाही. लायसन्सचे कागद, परीक्षा, पोलिसांची चौकशी, सगळं यथासांग झालं आणि मी कामाला लागलो. दिगंबर हे नाव ग्लेनला झेपेना. पहिल्याच दिवशी मी 'डिग' झालो.

आता काम काय, ते सांगतो. शिकारीच्या बंदुकीला पुढं नळी, मध्ये गोळी भरायची यंत्रणा आणि ती दोन्ही ज्यात बसतात तो दस्ता. दस्त्याचं मागचं टोक खांद्याला लागतं. पूर्वी दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा असायचा. हल्ली बहुतेक प्लास्टिकचा. तो पावसात फुगत नाही, थंडीत तडकत नाही, ओरखडा पडला तर कुणी रडत बसत नाही, आणि स्वस्त पडतो. पण स्वस्तातला दस्ता मागून पोकळ असतो. बोटानं टिचकी मारली तर रिकाम्या डब्यासारखा वाजतो. त्यामुळे दोन गोष्टी होतात. एक, मागं वजन नाही आणि पुढं लोखंडी नळी, म्हणून बंदूक नाकावर पडते. दुसरी म्हणजे धक्का. गोळी जितक्या जोरात पुढं जाते, तितक्याच इमानदारीनं बंदूक मागं येते. जड बंदूक खांद्याला ढकलते. हलकी बंदूक ठोसा मारते.

तर माझं काम, त्या पोकळीत वजन भरायचं, मागं रबराची गादी बसवायची, गालाला लागतो तो भाग उंच करायचा, आणि तोल दोन हातांच्या मधोमध आणायचा. ऐकायला सोपं आहे. पहिल्याच वर्षी एक लाकूडतोड्या, दरवाजात मावणार नाही असा, बंदूक घेऊन परत आला आणि म्हणाला, "डिग, माझ्या बंदुकीत उंदीर शिरलाय." मी भरलेला शिशाचा गोळा थंडीत सुटून आत खुळखुळत होता. त्या आवाजानं त्याचं हरीण पळालं. या जातीचं प्लास्टिक तेलकट असतं, त्याला गोंद धरत नाही, हे सातपूरच्या शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. मी विसरलो होतो. तेव्हापासून आतल्या फासळ्यांना भोकं पाडून भराव अडकवायला लागलो. ग्लेन पुढं महिनाभर मला चीजचा तुकडा दाखवत होता.

पण मला सांगायचंय ते मार्लीनबाईंबद्दल. साल दोन हजार सतरा असावं, जूनचा महिना. सत्तरीची, माझ्या खांद्याला लागेल एवढी बुटकी बाई लांबट पेटी घेऊन आत आली. डोंगरातल्या मेरिट गावाच्या बाजूला राहणारी. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली, बर्फातून, घाटातून. पेटीत नवऱ्याची, वॉल्टरची बंदूक होती. काळा प्लास्टिकचा दस्ता, वजनाला पिसासारखी. शेवटी शेवटी वॉल्टरचे गुडघे गेले, म्हणून त्यानं हलकी घेतली होती. तो जाऊन दोन वर्षं झाली होती.

"ही मला मारते," बाई म्हणाल्या.

"सगळ्यांनाच मारते," मी म्हटलं. "गादी बसवतो, होईल ठीक."

"थांब. आधी पूर्ण ऐक."

इंग्रजीत सगळेच यू, पण त्या मला अरे-तुरे करताहेत हे माझ्या कानांना लगेच कळलं, आणि आवडलं.

त्यांनी सांगितलं ते असं. लग्नानंतर पंचेचाळीस वर्षं त्या वॉल्टरबरोबर शिकारीला जायच्या. हिवाळ्याचं मांस जंगलातूनच यायचं, दुकानातून नाही. मागच्या शरद ऋतूत त्या पहिल्यांदा एकट्या गेल्या, वॉल्टरची बंदूक घेऊन. एक हरीण समोर आलं. घोडा ओढायच्या क्षणी, आता खांद्याला बसणार या भीतीनं त्यांचे डोळे मिटले आणि हात दचकला. गोळी भलतीकडे लागली. हरीण जखमी होऊन पळालं. दोन दिवस त्या रक्ताच्या थेंबांमागं हिंडल्या. सापडलं नाही.

"ते कुठंतरी झुडपात पडून मेलं असेल. हळूहळू," त्या म्हणाल्या. "पंचेचाळीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. या वर्षी माझी मूसची लॉटरी लागली आहे. अकरा वर्षं नाव घालत होते. मी शेवटचं जाऊन बघणार. पण हात पुन्हा दचकणार असेल, तर मला त्या जनावरासमोर उभं राहायचा अधिकार नाही. मग ही बंदूक तूच विकून टाक, मी पुन्हा जंगलात जाणार नाही."

मूस म्हणजे सांबराचा थोरला भाऊ, घोड्याहून उंच. परमिट लॉटरीनं मिळतं, त्यामुळे लोक वर्षानुवर्षं वाट बघतात. मला शिकारीतलं काही कळत नव्हतं. पण एका बाईला आपल्या हातांचा भरवसा राहिला नाही, एवढं कळलं.

दचकणं मोजायची एक सोपी युक्ती आहे. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर नेऊन नेमबाजाला न सांगता खऱ्या काडतुसांमध्ये एखादं खोटं घालायचं. घोडा ओढला की नुसता टक्क असा आवाज येतो, धक्का नसतो. हात शांत असेल तर नळी जिथल्या तिथं राहते. मार्लीनबाईंची नळी खोट्या काडतुसाला चांगली चार बोटं खाली गेली. त्यांनी बंदूक ठेवली आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

मी जोरात कामाला लागलो. पोकळीत दीड पाउंड शिसं भरलं, भोकं पाडून, पक्कं. मागं जाड, मऊ गादी बसवली. जुलैच्या उकाड्यात बाई बिनबाह्यांच्या झंपरात आल्या, त्यांच्या हाताचं माप घेतलं. पुन्हा रेंजवर नेलं, टेबलावर वाळूची पिशवी ठेवली, बंदूक टेकवली, आणि मध्येच खोटं काडतूस घातलं. टक्क. नळी तसूभर हलली नाही.

मी घरी जाऊन सुनंदाला सांगितलं, "आज मी धन्वंतरी आहे."

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्ही बरं केलेलं माणूस आठवडाभर तरी चालू द्या, मग बोला."

तिची जीभच काळी. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मार्लीनबाई पेटी घेऊन दारात.

"जंगलात जमत नाही," त्या म्हणाल्या.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "टेबलावर तर तुमची एकही गोळी चुकली नाही. मी स्वतः बघितलंय."

"डिग, तू मूसला आणून टेबलासमोर बांधणार असशील, तर बंदूक उत्तम आहे." मग जरा थांबून विचारलं, "तू कधी बंदूक घेऊन चालला आहेस? दिवसभर?"

ग्लेन मागं उगाचच ड्रॉवर आवरायला लागला. इतकी वर्षं मी लोकांच्या शिकारीच्या बंदुका नीट करत होतो आणि एकदाही जंगलात गेलो नव्हतो. मांस खात नाही, तर शिकारीला कशाला जायचं, एवढा साधा हिशेब. माझी सगळी विद्या खुर्चीत बसून, बंदूक पिशवीवर टेकवून, कागदावर भोकं पाडण्याची. माझ्या डोक्यातलं गिऱ्हाईकही बसलेलंच असायचं.

"रविवारी ये," बाई म्हणाल्या. "गरम जॅकेट आण. वर गार असतं."

रविवारी पहाटे सुनंदानं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. म्हणाली, "अहो, लोक रविवारी देवळात जातात." मी गाडी काढली. मेरिटच्या पुढं, झाडं तोडून मोकळ्या केलेल्या एका डोंगरउतारावर बाई ट्रकपाशी उभ्या होत्या. त्यांनी बंदूक रिकामी आहे हे मला दोनदा उघडून दाखवलं, माझ्या हातात दिली आणि चालायला लागल्या.

पहिला तास मजेत गेला. हवा छान होती. दुसऱ्या तासाला माझ्या लक्षात आलं की बंदूक हातात धरायला जागाच नाही. एरवी तोल जिथं असतो तिथं, पुढच्या बाजूला, मूठ छान बसते. मी सगळं वजन मागं भरल्यामुळे तोल सरकून घोड्याभोवतीच्या लोखंडी कडीवर आला होता. तिथं धरावं तर कडी बोटांत रुतते, पुढं धरावं तर मागचं टोक खाली ओढतं. तिसऱ्या तासाला खांदा, मनगट, कोपर, सगळेच माझ्याशी भांडत होते. आणि मी बाईंपेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान.

एका वळणावर बाई थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "ते सुकलेलं खोड मूस आहे. आता."

मी बंदूक उचलली. दस्त्याची जाड गादी जॅकेटच्या काखेत अडकली. ती सोडवून खांद्याला लावली, तर मागच्या वजनापुढं हलकी पडलेली नळी वर गेली आणि तिथंच भिरभिरत राहिली, खोडावर काही थांबेना.

"मूस गेला," बाई म्हणाल्या आणि एका ओंडक्यावर बसल्या.

मी पण बसलो. बाईंना दशमी दिली. त्यांनी चटणीला आधी बोट लावून बघितलं, मग भरपूर घेतली. मला फार लाज वाटत होती. एका बाईचा गेलेला भरवसा परत द्यायचा, म्हणून तिच्या हातात मी दीड पाउंडाचं ओझं दिलं होतं, आणि वर तिलाच ऐकवलं होतं की टेबलावर तर छान चालतं. मी म्हटलं, "चुकलं माझं. मला पुन्हा करू द्या."

"म्हणून तर बोलावलं," त्या म्हणाल्या. "भरवसा नसता तर दुसऱ्या दुकानात गेले असते. आणखी आहे का ही चटणी?"

दुसऱ्या वेळी मी टेबलाला हातच लावला नाही. भर ऑगस्टमध्ये बाईंना दुकानात वॉल्टरचा लोकरीचा जाड कोट घालून उभं केलं. त्या कोटात त्या बुडाल्या होत्या, पण जंगलात त्या तोच घालणार होत्या, तेव्हा माप त्याच्यावरच घ्यायचं. डोळे मिटायचे, बंदूक खांद्याला लावायची, मग डोळे उघडायचे. नजर सरळ बंदुकीवरच्या दुर्बिणीतून गेली पाहिजे, मान वाकवावी लागता कामा नये. जात नव्हती. दस्ता त्यांना इंचभर लांब होता. तो वॉल्टरच्या हाताचा होता आणि इतके दिवस त्या तसाच ओढत होत्या. दस्ता कापायच्या आधी मी ग्लेनला विचारलं, कारण प्लास्टिक एकदा कापलं की परत जोडता येत नाही. ग्लेन म्हणाला, "मला कशाला विचारतोस? बंदूक कुणाची आहे?"

मी बाईंकडे बघितलं. त्या कोटाच्या बाहीनं घाम पुसत होत्या. मला वाटलं, नाही म्हणतील. नवऱ्याची वस्तू, करवत कशी चालवू देतील? त्या जरा वेळ दस्त्यावरून हात फिरवत राहिल्या.

"काप," त्या म्हणाल्या. "तो असता तर त्यानं कधीच कापला असता. मीच त्याला कधी सांगितलं नाही की मला लांब पडतो."

मी कापला. गादी नवी, पातळ लावली आणि तिचा वरचा कोपरा घासून गोल, गुळगुळीत केला, म्हणजे कोटात अडकणार नाही. आधी भरलेलं शिसं तासून तासून काढलं, त्यात दोन दिवस गेले. मग भरायची घाई केली नाही. शिशाच्या लहान लहान पट्ट्या चिकटपट्टीनं दस्त्याच्या बाहेरूनच लावल्या, थोड्या पुढं नळीखाली, थोड्या मागं मुठीजवळ. बाई बंदूक उचलायच्या, दुकानभर चालायच्या, खांद्याला लावायच्या आणि सांगायच्या, "जरा पुढं." मी पट्टी सरकवायचो. "नाही, मागं घे. अर्धी काढ." कोट घालून दुकानात फेऱ्या मारणाऱ्या बाईकडे बाकीची गिऱ्हाईकं बघत राहायची. चौथ्या दिवशी त्या खिडकीपाशी एकदम थांबल्या.

"डिग, आता हात लावू नकोस."

पट्ट्यांचं वजन केलं, तर पहिल्या वेळेच्या निम्म्याहून कमी. एवढंच लागत होतं, फक्त जागच्या जागी. ते तसंच आत भरून पक्कं केलं. काडतुसंही कमी दारूची घ्यायला लावली. मूससाठी ती पुरतात, फक्त जवळ जावं लागतं. बाई म्हणाल्या, जवळ जायला त्यांना येतं.

सप्टेंबरच्या शेवटी रेंजवर गेलो. टेबल नाही, पिशवी नाही, बाई कोट घालून उभ्या. मी काडतुसं भरून देत होतो. एक खरं, दुसरं खरं, तिसरं खोटं. टक्क. नळी हलली, जराशीच. बाईंनी मान हलवली, म्हणाल्या, "कळलं मला. पुन्हा भर." त्या दिवशी आम्ही थांबलो तेव्हा नळी जवळजवळ शांत होती, पण जवळजवळच. मी जे करू शकत होतो ते संपलं होतं. बंदूक आता त्यांना मारत नव्हती. भीती आत कितपत उरली होती, ते मला माप लावून सांगता येईना. बाईंनी पेटी उचलली आणि म्हणाल्या, "फोन करीन. काहीही झालं तरी."

ऑक्टोबरमध्ये दुकानात मरणाची गर्दी असते. सगळ्यांना सगळं कालच हवं असतं. त्या गडबडीत मी रोज फोनकडे बघायचो. आपल्याला शिकारीत रस नाही, जनावर मेलं तर आपल्याला आनंद होणार नाही, मग आपण कशाची वाट बघतोय, हे माझं मलाच कळत नव्हतं. सुनंदा म्हणाली, "तुमची मुलगी बारावीला होती तेव्हा एवढे अस्वस्थ नव्हतात."

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ग्लेननं रिसीव्हर माझ्याकडे धरला. "तुझ्या बाई."

"डिग," त्या म्हणाल्या. आवाज थकलेला होता. "मी त्याला सोडला."

"कोणाला?"

"मूसला. मोठा नर. ऐंशी पावलांवर."

मला वाटलं, दचकल्या. संपलं. मी म्हटलं, "हात..."

"हात नाही. ऐक. तो झुडपांच्या मागं उभा होता. छातीसमोर फांद्या आल्या होत्या. मी बंदूक खांद्याला लावली, ती लागलीच डोळ्यासमोर आली, तू म्हणतोस तशी. आणि मी वाट बघत राहिले. एक पाऊल पुढं टाकील, मग मोकळा दिसेल. गेल्या वर्षी ते हरीण असंच आडोशाला उभं होतं, डिग. हे मी तुला सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं. तेव्हा मी थांबले नाही. धक्का बसणारच आहे तर एकदाचा बसून जाऊ दे, असं वाटत होतं, म्हणून घाई केली. काल मला कसलीच घाई नव्हती. बोट घोड्यावर होतं, दोन्ही डोळे उघडे होते. किती वेळ गेला देव जाणे. त्यानं ते पाऊल टाकलंच नाही. वळला आणि मागच्या मागं निघून गेला."

मी रिसीव्हर कानाशी तसाच धरून ठेवला.

"आहेस का तू?"

"आहे," मी म्हटलं.

"अजून चार दिवस आहेत. मी उद्या परत जातेय," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी रिसीव्हर जागेवर ठेवला. मूस वाचला याचं मला थोडं बरं वाटत होतं, ते नाकारत नाही. पण माझे डोळे भरले ते त्यामुळे नव्हते. काउंटरवर पाच-सहा गिऱ्हाईकं उभी होती, मी वळून भिंतीकडे तोंड केलं.

ग्लेननं विचारलं, "काय झालं? मिळाला?"

"नाही," मी म्हटलं. "गोळीच झाडली नाही बाईंनी."

"अरे रे. एवढी मेहनत केलीस आणि बंदूक वाजलीच नाही."

"ग्लेन," मी म्हटलं, "याहून चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही."